वच्छलाबाईंची लेझर काठी

वरूडच्या पट्ट्यात संत्र्याचा बगीचा सहसा बाईच्या नावानं ओळखला जात नाही. आज्याच्या, बापाच्या, नाहीतर नवऱ्याच्या नावानं ओळखला जातो. पण खुशालराव गावंड्यांच्या बगीच्याला गावातली माणसं सर्रास ‘वच्छलाबाईचा बगीचा’ म्हणत, आणि खुशालरावांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

वच्छलाबाई अकोल्याकडच्या. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन आल्या तेव्हा कापसाची पऱ्हाटी आणि तूर यांच्यापलीकडे त्यांनी कुठलं पीक जवळून पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनी तेव्हा नुकती संत्र्याची कलमं लावली होती. नव्या सुनेनं त्या कलमांना हंड्यानं पाणी घातलं आणि तेव्हापासून त्या बगीच्यात अडकल्या त्या कायमच्या. रोज सकाळी चहा झाला की ओळीनं सगळ्या झाडांपाशी जायचं, बुंध्याला हात लावायचा, डिंक गळून झाड वाळवणारा डिंक्या रोग तर सुरू झाला नाही ना ते बघायचं, हा त्यांचा नेम. बोलणं रोखठोक. मजूर बाया त्यांना टरकून असत आणि तरी त्यांच्याच बगीच्यात कामाला यायला धडपडत, कारण दुपारची सुट्टी पुरेपूर मिळे आणि जेवताना बाई स्वतः त्यांच्यात बसत.

डोळ्यांचं दुखणं आलं ते चोरपावलांनी. आंबिया बहाराच्या फळांची तोड सुरू होती. बाजूनं येणारा ट्रॅक्टर त्यांना एकाएकी अंगावर आल्यासारखा दिसायचा, मधलं अंतर जणू कुणी कापून टाकलेलं. समोरचं नीट दिसे, कडेचं नाहीसं झालेलं. तोडीच्या दिवसांत दवाखान्याच्या खेपा कोण घालणार, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी क्रेट उचलून नेताना शेजारी उभ्या असलेल्या गंगूबाईला त्यांची धडक बसली. गंगूबाई त्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांपासून कामाला. ती सरळ खुशालरावांकडे गेली आणि म्हणाली की बाईले बाजूचं दिसत नाही, तुमी काय करून राहिले?

अमरावतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. अकोल्यात शस्त्रक्रिया झाली. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची, असं डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं. उरलेलीही फार टिकली नाही. वच्छलाबाई पंचेचाळिशी ओलांडून थोड्या पुढे गेल्या होत्या, तेव्हा त्यांना उजेड कुठल्या बाजूनं येतो एवढंच कळायचं बाकी राहिलं.

घरातल्यांनी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ओसरीत खुर्ची मांडली. ताट हातात, पाणी हातात. मुलगा गोपाल तेव्हा नुकता बगीच्याचं काम अंगावर घेत होता. तो वावरातून आला की आधी आईपाशी बसे, आज काय काय झालं ते सांगे. वच्छलाबाई ऐकून घेत, पण ते ऐकताना त्यांच्या जिवाची तगमग होई. कुठल्या ओळीतलं झाड पिवळं पडलं असं विचारलं तर गोपालला नेमकं सांगता येत नसे, आणि त्यांना उठून बघता येत नसे. गावातल्या बाया भेटायला येत त्या आवाज उतरवून बोलत, जणू डोळ्यांबरोबर कानही नाजूक झाले होते. आपल्याच घरात आपण पाहुण्या झालो, असं त्यांना वाटे. पाहुणी कितीही मानाची असली तरी तिला कुणी काम सांगत नाही.

वर्षभर हे सोसून एका सकाळी त्यांनी खुशालरावांना सांगितलं, “मले अमरावतीले नेऊन सोडा. आंधळ्या माणसाले चालणं शिकवतात म्हणे तेथी.”

खुशालराव कमी बोलणारा माणूस. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दोघांच्या कपड्यांची पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशीची गाडी पकडली.

तिथे त्यांना जानराव भेटले. जानराव जन्मापासून आंधळे, वयानं साठीच्या घरातले, आणि आवाज मास्तराचा. त्यांनी वच्छलाबाईंच्या हातात पांढरी काठी दिली आणि राजकमल चौकाच्या गर्दीत उभं केलं. काठी पावलाच्या पुढे डावी-उजवी कशी फिरवायची, रिक्षाचा आवाज आणि भिंतीवरून परतणारा आवाज कसा ओळखायचा, हे सगळं त्यांनी घासून घेतलं. एकच गोष्ट ते पुन्हापुन्हा सांगत, की काठीचं टोक जमिनीवरून उचलायचं नाही. वच्छलाबाई पडल्या, धडपडल्या, एकदा फुलवाल्याच्या टोपलीत जाऊन बसल्या, पण सुट्टी घेतली नाही. गावी परतल्या तेव्हा घरापासून देवळापर्यंत आणि देवळापासून दुकानापर्यंत त्या एकट्या जाऊ लागल्या. गाव कौतुकानं बघत राहिलं.

पण त्यांना देवळात जायचं नव्हतं. त्यांना बगीच्यात जायचं होतं.

बगीच्यात ही काठी पुरी पडेना. काठी जमिनीवरचं सांगते, तोंडासमोरचं सांगत नाही. संत्र्याच्या फांद्या फळांनी वाकतात, ओळीत आडव्या येतात, आणि त्यांना काटे असतात. दुसऱ्याच खेपेला एक फांदी त्यांच्या भुवईत घुसली. रक्त पापणीवरून गालावर आलं. गोपालनं धावत येऊन आईच्याच पदरानं जखम दाबली, आणि भीतीपोटी त्याच्या तोंडून निघून गेलं, “डोळे तर गेलेच आई, आता तोंडही फोडून घेते का?”

बोलल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. वच्छलाबाईंनी त्याचा हात बाजूला करून पदर स्वतः दाबून धरला. पण बगीच्याच्या कोपऱ्यात जुनी विहीर होती, बिनकठड्याची, आणि आता गोपालला फांदीपेक्षा तिचीच धास्ती बसली. दोन दिवसांनी वच्छलाबाई तारेच्या कुंपणापाशी गेल्या तेव्हा त्यांच्या बोटांना फाटकाचं कुलूप लागलं. त्यांनी ते हातात धरून पाहिलं, नवं होतं. तशाच मागे फिरल्या. घरी येऊन त्यांनी गोपालला एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. मायलेकांमध्ये जेवण झालं का, पाणी भरलं का, एवढंच बोलणं उरलं.

महालक्ष्म्यांच्या सणाला आचल आली. आचल ही खुशालरावांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. गोपालला फळांची निवड-प्रतवारी करायला टिनाचं शेड उभारायचं होतं. त्यासाठी अंगणाची मापं घ्यायची होती, आणि आचलनं त्याला मदत म्हणून पिशवीतून एक डबी काढली. वच्छलाबाई ओसरीत बसून ऐकत होत्या. डबीतून ‘टिक’ आवाज यायचा आणि लगेच आचल लांबी सांगायची. फीत ओढल्याचा आवाज नाही, कुणी पलीकडच्या टोकाला गेल्याची चाहूल नाही.

त्यांनी आचलला हाक मारली. फीत न लावता हे कसं मोजून राहिली, म्हणून विचारलं.

आचल त्यांच्या पायाशी येऊन बसली. डबीतून लेझरचा किरण निघतो, समोरच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो, असं तिनं सांगितलं. जायला-यायला किती वेळ लागला ते डबी ताडते, आणि त्यावरून भिंत किती लांब ते सांगते. वेळ इतका थोडा असतो की आपल्याला कळणारच नाही, पण यंत्राला कळतो. तिनं डबी मामीच्या हातात दिली आणि बटण दाबायला लावलं. वच्छलाबाईंनी ती अंगणाकडे धरली, तुळशीकडे धरली, खुशालरावांच्या आवाजाकडे धरली. प्रत्येक वेळी आचलनं अंतर वाचून दाखवलं. मग त्या बराच वेळ डबी नुसतीच चाचपत बसल्या.

“म्हणजे हात न पुरता हात लावल्यासारखं,” त्या म्हणाल्या. “आचल, हे माह्या काठीवर बसवता येईन का?”

आचलनं लगेच हो म्हटलं नाही. अशा काठ्या जगात कुठे कुठे करून पाहिल्या आहेत, बहुतेक आवाजाच्या लहरींवर चालणाऱ्या, असं तिनं सांगितलं. पण पानांनी भरलेल्या फांदीवरून आवाज नीट परतत नाही. लेझरचं करून पाहावं लागेल, आणि पहिल्या फटक्यात जमणार नाही. वच्छलाबाई म्हणाल्या की त्यांना घाई नाही, फक्त सुरू कर.

दिवाळीला आचल पहिली काठी घेऊन आली. पांढऱ्या काठीच्या मुठीखाली काड्यापेटीएवढी डबी होती. तिच्यातून निघणारा किरण डोळ्यांना दिसत नव्हता आणि डोळ्यांना इजाही करत नव्हता. तो छाती-तोंडाच्या उंचीवर पुढे बघायचा. समोर काही आलं की मूठ थरथरायची. लांब असेल तर हळू, जवळ आलं की जोरात. वच्छलाबाईंनी काठी हातात घेतली आणि घरभर फिरल्या. दाराची चौकट, कपाट, दोरीवर वाळत घातलेलं धोतर, सगळं मुठीत कळू लागलं. स्वयंपाकघराच्या दारात मूठ जोरात थरथरली. तिथे तर काहीच नसतं, म्हणून त्यांनी हात पुढे केला, तर खुशालरावांचा सदरा हाताला लागला. बायको पडेल या काळजीनं ते मघापासून आवाज न करता तिच्या पुढेमागे फिरत होते.

“तुमी आता सापडले,” वच्छलाबाई म्हणाल्या, आणि कितीतरी महिन्यांनी त्या घरात मोकळं हसू ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी आचलनं गोपालकडून किल्ली मागून घेतली आणि मामीला बगीच्यात नेलं. ऊन चढलेलं होतं. वच्छलाबाई ओळीत शिरल्या आणि काठी एकाएकी मुकी झाली. त्या चार पावलं पुढे गेल्या आणि फांदी खांद्यावर आदळली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. झाडाच्या सावलीत काठी नीट बोलायची, उन्हात आली की गप्प.

आचल तिथेच बांधावर बसली. कारण तिला ठाऊक होतं, पण एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. सूर्याच्या उजेडातही तोच न दिसणारा प्रकाश असतो, आणि वऱ्हाडातल्या उन्हात तो इतका भरपूर असतो की परत आलेला काठीचा किरण त्यात हरवून जातो. वरातीच्या बँडपुढे खिशातला मोबाईल वाजावा तसं, असं तिनं मामीला समजावलं. अमरावतीच्या प्रयोगशाळेत ट्यूबलाइटखाली तिला हे कळलंच नव्हतं. तिचा आवाज पडला होता.

वच्छलाबाईंनी विचारलं, “मंग बँड बंद करता येत नसन, तर मोबाईलचा आवाज वाढवता येते का?”

वाढवता येतो, आचल म्हणाली. पण डोळ्यांना धोका होणार नाही इतपतच. शिवाय काठीच्या समोर अशी काच लावता येते की ती आपल्या किरणाचाच रंग आत सोडते. मात्र डबी मोठी होईल, जड होईल. वच्छलाबाईंनी सांगितलं की क्रेट उचललेले हात आहेत, डबीचं वजन सांगू नको.

दुसरी काठी यायला थंडी संपत आली. ती उन्हात चालली. पण तिचा किरण बारीक होता, सुईसारखा, आणि तो दोन फांद्यांच्या मधून निसटून जायचा. आचलनं तो फाकवला. मग पानं कळू लागली, पण अंतर कमी झालं. फवारणीनंतर काचेवर थर बसायचा आणि काठी भलतंच सांगायची. ते वच्छलाबाईंच्या लक्षात आलं तेव्हापासून त्या दर ओळीच्या टोकाला पदरानं काच पुसू लागल्या. आचल महिन्यातून दोनदा येई, सोबत लॅपटॉप आणि सोल्डरिंगचं सामान. ओसरीत बसून दोघी काठी उघडत. एकीचं शिक्षण आणि दुसरीचा हात असं ते काम चाले. आचल विचारायची की थरथर कुठे लागते, बोटाला की तळव्याला, आणि वच्छलाबाई चुकवून सांगत नसत. बरं वाटावं म्हणून एकदाही त्यांनी ‘जमलं’ म्हटलं नाही.

गोपाल हे सगळं लांबून बघे. त्याला राग नव्हता, भीती होती. आचलच्या सांगण्यावरून तो किल्ली द्यायचा, पण आई बगीच्यात असेपर्यंत त्याचा पाय तिथून हलत नसे. आचलनं पुढे काठीला दुसराही किरण बसवला, खाली तिरपा जाणारा, म्हणजे पुढे खड्डा असेल तर दुसऱ्या बोटाखाली टोचणी लागेल. विहिरीचा प्रश्न तेवढ्यानं सुटेल असं तिला वाटलं.

एप्रिलमध्ये ठिबकची मोठी नळी टाकायला बगीच्यात जेसीबीनं चर खणला. गोपालनं आईला सांगितलं होतं की या आठवड्यात पूर्वेच्या ओळींकडे फिरकू नको. वच्छलाबाई पश्चिमेकडूनच निघाल्या होत्या. पण चर मधल्या वाटेपर्यंत वळवून आणला होता आणि ते त्यांना माहीत नव्हतं; गोपाल तेव्हा पलीकडे जेसीबीपाशी होता. काठी छान चालत होती. फांद्या मुठीत कळत होत्या, त्या वाकून जात होत्या. इतकं सोपं वाटू लागलं की काठीचं टोक जमिनीवरून कधी उचललं गेलं ते त्यांना कळलं नाही. बोटाखाली टोचणी नव्हती. म्हणजे पुढे मोकळं आहे, असं समजून त्यांनी पाऊल टाकलं.

त्या कमरेएवढ्या चरात पडल्या. घोटा मुरगळला, कोपर सोलून निघालं. गोपालनं उडी मारून त्यांना वर काढलं. घरी आणून खाटेवर बसवलं आणि काठी उचलून कोठीच्या खोलीत ठेवून दिली.

“बस झालं आता,” तो म्हणाला. “विहीर असती तर मी काय केलं असतं?”

त्या दिवशी वच्छलाबाई पहिल्यांदा घाबरल्या. पडल्या तो क्षण त्यांना पुन्हापुन्हा आठवे. आपला पाय ज्या जागी टेकायला हवा होता तिथे काहीच नव्हतं, ही जाणीव अंगातून जाईना. दोन दिवस त्या खाटेवर पडून राहिल्या आणि गोपाल म्हणतो तेच बरोबर असेल, असंही त्यांना वाटून गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुशालरावांना आचलचा फोन लावायला सांगितला.

आचलला आधीच कळलं होतं आणि ती रडवेली झाली होती. माफी मागू लागली. वच्छलाबाईंनी तिला थांबवलं. त्या म्हणाल्या की त्यांना माफी नको, काठीनं त्या जागी काय पाहिलं ते हवं आहे. ये आणि बघून सांग.

आचल रविवारी आली. कोठीतून काठी काढली, चरापाशी जाऊन दुपारभर बसली. ओल्या काळ्या मातीवर काठी धरून पाहिली, वाळलेल्यावर धरून पाहिली, आकाशाकडे धरून पाहिली. संध्याकाळी ओसरीत येऊन तिनं सांगितलं, सगळ्यांसमोर.

“काळी ओली माती किरण पिऊन टाकते, मामी. तिरपा पडलेला किरण चरातून परतच आला नाही. परत काही आलं नाही म्हणजे समोर काही नाही, वाट मोकळी, असं मी काठीला शिकवलं होतं. तिथंच चुकलं. काही दिसलं नाही आणि काही नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

मग वच्छलाबाई म्हणाल्या, “टोक मीच उचललं होतं. जानरावांनी शंभर वेळा सांगतलं होतं. तुह्यं चुकलं तसं माह्यंही चुकलं.” त्यांनी आचलच्या हातातली काठी चाचपली. “आता उलटं कर. खाली जमीन आहे अशी खात्री असन तोवर काठीनं बोटाले टकटक करत राहावं. जमीन दिसली नाई, काच मळली, बॅटरी संपली, काहीही झालं, तरी टकटक बंद झाली पायजे. मुकी झाली की मी उभी.”

आचलनं मान वर केली. असं केलं तर बॅटरी लवकर संपेल, आणि उगाच थांबणं फार होईल, दर दहा पावलांवर उभं राहावं लागेल, ती म्हणाली.

“उभं राहून टोकानं चाचपीन. मले कोठं गाडी पकडाची आहे?”

गोपाल दाराशी उभा होता. त्याला हे पटत होतं आणि पटवून घ्यायचंही नव्हतं. काठी कितीही शहाणी केली तरी विहीर विहीरच आहे, तो म्हणाला. त्यावर खुशालराव, जे आतापर्यंत सुपारी कातरत बसले होते, ते उठले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बगीच्यात विटांची ट्रॉली येऊन पडली. लग्न झाल्या वर्षापासून वच्छलाबाई त्या विहिरीला कठडा बांधा म्हणत होत्या आणि दर वर्षी ते राहून जात होतं. खुशालरावांनी गवंड्याला हाताशी धरून आठवडाभर स्वतः विटा वाहिल्या. कठडा चांगला छातीएवढा झाला. बायकोला तिथे नेऊन तिचा हात सिमेंटवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, “पाह्य आता.”

तिसरी काठी मे महिन्याच्या शेवटी आली. वच्छलाबाईंचा घोटा तोवर बरा झाला होता. पाऊसकाळाच्या आधी झाडांच्या बुंध्यांना बोर्डोचा लेप लावायचा असतो, म्हणजे डिंक्या धरत नाही. मोरचूद आणि चुना कालवलेली बादली, आणि हातात ब्रश. बुंध्याच्या मुळापासून कमरेच्या उंचीपर्यंत लावत जायचं. हे काम नजरेचं कमी आणि हाताचं जास्त. वच्छलाबाईंनी ठरवलं की या वर्षी एक ओळ त्या लावणार, एकट्या.

सकाळी त्यांनी गोपालसमोर हात पसरला. “किल्ली दे.”

“मी येतो सोबत.”

“सोबत नको. किल्ली दे.”

गोपालनं बापाकडे पाहिलं. खुशालराव म्हणाले, “दे तिले. तिचा बगीचा आहे.”

फाटक उघडून त्या आत शिरल्या. बोटाखाली बारीक टकटक सुरू होती, एखाद्या कोंबडीच्या पिल्लानं चोच मारावी तशी. दुसऱ्या हातात बादली. टोक जमिनीवर होतं, त्यांनी ते पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पहिल्या ओळीच्या तोंडाशी मूठ थरथरली, त्यांनी मान वाकवली, फांदी केसांवरून सरकून गेली. पुढे टकटक थांबली. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. टोकानं चाचपलं, तर पाण्याचा दांड होता, वीतभर खोल, ओला. त्यांनी तो ओलांडला. टकटक पुन्हा सुरू झाली.

पहिल्या झाडाचा बुंधा हाताला लागला तेव्हा त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तो धरला. साल कुठे भेगाळली आहे, कुठे गुळगुळीत आहे, सगळं बोटांनी वाचलं. ब्रश बुडवला आणि लावायला सुरुवात केली. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्यांना पूर्वी जितका वेळ लागे त्याच्या कितीतरी पट लागत होता. काठी वारंवार मुकी व्हायची. कधी कोरड्या पानांच्या ढिगावर, कधी काही कारण नसताना. दर वेळी त्या थांबत. एका झाडापाशी बादली कलंडली आणि निळं पाणी लुगड्यावर सांडलं. त्यांनी स्वतःलाच एक शिवी दिली, उरलेलं सावडलं आणि पुढे निघाल्या.

गोपाल कुंपणाबाहेर उभा होता. आई ओळीच्या मध्यावर आली, तिथे वाकडी फांदी आहे हे त्याला दिसत होतं. हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. आईनं मान वाकवली. गंगूबाई मजूर बायांना घेऊन मागच्या ओळीत आली होती. ती गोपालजवळ येऊन म्हणाली की आता घरी जा, बाईले काम करू दे. तो गेला नाही, पण कुंपणाच्या तारा सोडून आंब्याखाली जाऊन बसला.

ओळ संपायला दुपार झाली. वच्छलाबाई शेवटच्या झाडापाशी बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत निळे. गोपाल पाणी घेऊन आला. त्यांनी गटगट पाणी पिऊन तांब्या परत दिला आणि सांगितलं की मधल्या तीन झाडांच्या बुंध्यांना डिंक आहे, साल खरवडून मग लेप द्यावा लागेल. तिथे त्यांनी चिंध्या बांधून ठेवल्या आहेत. गोपाल बघून आला. मग तो आईशेजारी मातीत बसला आणि दोघं बऱ्याच दिवसांनी झाडांविषयी बोलली. खतांविषयी, ठिबकविषयी, कुठली ओळ काढून नवी लावायची याविषयी. वाद झाला, आणि तो वाद दोघांनाही गोड लागला.

त्यानंतर कुलूप राहिलं, पण किल्ली वच्छलाबाईंच्या कमरेला आली. त्यांना सगळं जमू लागलं असं नाही. फळं भरलेली असताना ओळींत गुंता फार होतो, त्या दिवसांत त्या गंगूबाईचा खांदा धरतात. भर पावसात काठी चालत नाही. थेंबांवरूनच किरण परततो आणि मूठ वेड्यासारखी थरथरते. ते अजून सुटलेलं नाही, आचल त्याच्या मागे आहे. अमरावतीला जानरावांनी अशी काठी हातात घेऊन पाहिली. आधी नाक मुरडलं, मग दोन मागवून घेतल्या. धामणगाव रेल्वेकडच्या एका बाईला ती शिकवायला त्यांनी वच्छलाबाईंनाच बोलावलं. वच्छलाबाईंनी तिला पहिला दिवसभर नुसतं टोक जमिनीवर ठेवायला लावलं, डबी चालूच करू दिली नाही. ती बाई वैतागली, तेव्हा त्यांनी बाही वर करून कोपरावरची खूण तिच्या बोटांना दाखवली.

यंदा संक्रांत झाल्यावर मूर्तिजापूरच्या भावाकडे बारसं होतं. गोपाल शेडच्या कामात, खुशालराव तापानं पडलेले. वच्छलाबाईंनी सकाळी पिशवी भरली आणि वरूडच्या स्टँडवर आल्या. अमरावतीला गाडी बदलायची होती. फलाटावर गर्दी होती. मूठ माणसांमुळे सतत थरथरत होती, म्हणून त्यांनी वरचा किरण बंद करून खालचा तेवढा चालू ठेवला आणि विचारत विचारत गाडीपाशी पोचल्या. काठीच्या टोकानं पायरी शोधली, दांडा धरला आणि वर चढल्या. कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं की बाई, सोबत कोण आहे?

“कोणी नाई,” वच्छलाबाई म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या जागेवर सरकून बसल्या. “अमरावती आली की सांगजा. पुढची गाडी माही मी पाहून घेईन.”